पुढच्या सीटवरच्या मॅडम

कप्तानांच्या गाडीत दार आपटलेलं चालत नसे. "हळू, म्हातारी आहे ती," असं ते दर सकाळी म्हणत आणि स्टोअरवाले काका दर सकाळी दार आपटत. मग कप्तान आरशातून मागे एक नजर टाकत, गाडीची समजूत घातल्यासारखं डॅशबोर्डावर थोपटत आणि विचारत, "सगळे आत?" चौघांच्या गाडीत चौथा बाहेर राहिला असता तर दिसलाच असता. पण हे विचारल्याशिवाय गाडी कधी सुटली नाही.

कप्तान काही जहाजावरचे नव्हते. शहराबाहेर औषधांचा कारखाना होता, तिथे ते पॅकिंग विभागाचे सुपरवायझर होते आणि निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. गाडी त्यांची, म्हणून ते कप्तान. बाकीचे तिघं त्याच वसाहतीतले आणि त्याच कारखान्यातले. मागे उजवीकडे स्टोअरवाले काका, मागे डावीकडे रिसेप्शनवर बसणारी मुलगी आणि पुढे कप्तानांच्या शेजारी लॅबमध्ये गोळ्या तपासणाऱ्या मॅडम. या जागा कोणी ठरवून दिल्या नव्हत्या, पण सरकारी आदेश असावा तशा पाळल्या जात. एकदा मुलगी आजारी होती म्हणून काका तिच्या जागेवर पाय पसरून बसले, तर दिवसभर त्यांचं पोट बिघडल्यासारखं राहिलं. असं तेच सांगत.

काका वसाहतीचा कोपरा वळला की झोपत. झोपत म्हणजे अगदी रीतसर: चष्मा काढून खिशात, हात पोटावर, तोंड उघडं. कारखान्याच्या फाटकापाशी गाडीचा वेग कमी झाला की डोळे न उघडता विचारत, "आलं का?" मध्येच कुठे ब्रेक लागला तरी हाच प्रश्न. मुलगी घरून कोऱ्या चेहऱ्याने निघे आणि पोचेपर्यंत रिसेप्शनिस्ट झालेली असे. पावडर चालत्या गाडीत जमे, पण डोळ्यांची रेघ फक्त लाल सिग्नलला. सगळे सिग्नल हिरवे मिळाले की बाकीचे खूश आणि ती रडवेली. "कप्तान, जरा हळू घ्या ना, एकच डोळा झालाय," असं ती म्हणे आणि कप्तान पिवळा दिवा बघून थांबत. एसीचं बटण मात्र कोणाला देत नसत. "हवामान खातं माझ्याकडे आहे," असं म्हणत.

मॅडमनाही गाडी येत होती. लायसन्स होतं, हात साफ होता. नवरा दूरच्या शहरात नोकरीला होता आणि त्यांची गाडी तिकडे होती एवढंच. मागे एकदा कप्तानांना ताप होता तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, "आज मी चालवते, तुम्ही बसा निवांत." कप्तान हसले. "हे स्टिअरिंग आमच्या हिनेसुद्धा कधी धरलेलं नाही," ते म्हणाले आणि नाक पुसत स्वतःच बसले. काका म्हणाले, "कप्तान मेले तरी स्मशानापर्यंत गाडी स्वतः चालवत नेतील." सगळ्यात जास्त कप्तानच हसले.

आधी खांबाचं झालं. कारखान्याच्या पार्किंगमध्ये एक लोखंडी खांब होता, कारखान्याइतकाच जुना. कप्तानांनी गाडीची कड त्याला घासली, खाली उतरून ओरखड्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा काल नव्हता." सगळे हसले. पुढच्या आठवड्यात गाडीचा आरसा एका हातगाडीला लागून मोडला. हातगाडीवाला शिव्या देत राहिला, कप्तान म्हणाले, "कुठून टपकला हा." त्याही वेळी सगळे हसले, पण मॅडम थोड्या कमी हसल्या.

लॅबमध्ये दिवसभर काचेखाली गोळ्या बघायच्या, कुठली फुटली, कुठल्या गोळीचा रंग उतरला ते टिपायचं, अशी त्यांची नोकरी होती. बघायची सवय गाडीत बसल्यावरही सुटत नसे. त्यांच्या लक्षात आलं की कॅन्टीनमध्ये कप्तानांचा पाण्याचा पेला ताटाच्या बाजूला ठेवला तर हाताचा धक्का लागून सांडतो, समोर ठेवला तर सांडत नाही. गाडीत त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली तर ती नाकासमोर येईपर्यंत कप्तानांना कळत नव्हतं. बाजूने कोणी हाक मारली की ते डोळे न वळवता अख्खी मान वळवत होते.

एका सकाळी चौकात मॅडम सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "इकडून स्कूटर येतेय."

"दिसली," कप्तान म्हणाले. पण ब्रेक आधी लागला आणि 'दिसली' नंतर आलं.

तेव्हापासून सुरू झालं. "तो टेम्पो निघालाय हं." "बाई रस्ता ओलांडतायत." "कुत्रं." मॅडम एकेक शब्द टाकत, कप्तानांचा पाय त्यावर चाले. दोघांमध्ये याविषयी बोलणं काहीच झालं नव्हतं. मागच्यांना वाटलं, मॅडमना ही नवीन खोड लागली. "गाडी कप्तान चालवतात की मॅडम, तेच कळत नाही," काका झोपेतून म्हणत. मुलगी म्हणे, "मॅडमकडे तोंडाने गाडी चालवायचं लायसन्स आहे." मॅडम हसून सोडून देत.

मग एका संध्याकाळी मागचे दोघं उतरून गेल्यावर मॅडमनी वसाहतीच्या फाटकाशी विचारलं, "डोळे दाखवलेत का कोणाला?"

कप्तानांनी इंजिन बंद केलं. बराच वेळ किल्ली हातात फिरवत राहिले.

"काचबिंदू आहे," ते म्हणाले. "थेंब घालतोय. समोरचं लख्ख दिसतं मला, पेपर वाचतो. बाजूचं गेलंय. गेलेलं परत येत नाही म्हणाले डॉक्टर."

"मग गाडी चालवायला…"

"नको म्हणाले." ते थांबले. "दोनच वर्षं आहेत, मॅडम. मग विकूनच टाकतो. आणि तुम्ही आहातच की शेजारी."

"वहिनींना माहीत आहे?"

"ती घाबरट आहे. तिला नका सांगू काही."

त्या रात्री मॅडमनी बराच विचार केला असं म्हणायला हवं, पण खरं तर फारसा केला नाही. घरात सासू अंथरुणाला खिळलेली होती. तिला सांभाळणारी बाई सकाळी उजाडल्यावर यायची, आणि ती आल्यावरच मॅडमना घर सोडता यायचं. बसने जायचं तर दोन बस बदलायच्या, म्हणजे बाई यायच्या आधीच निघायचं. मग सासूला बघणार कोण? कप्तानांची गाडी म्हणजे त्यांच्या घराचा एक खांबच होता. आणि अजून एक गोष्ट होती, ती त्यांनी स्वतःशीही नीट कबूल केली नव्हती. 'तुम्ही आहातच की शेजारी' हे वाक्य त्यांना आवडलं होतं. घरात, लॅबमध्ये, नवऱ्याच्या फोनवर, सगळीकडे त्यांच्याकडून कामं होत होती, पण असं कोणी म्हणत नव्हतं. इतका मोठा विश्वास टाकला आहे तर निभावू, असं त्यांना वाटलं. आणि वर्षभर निभावलं. एकदा नाही, अनेकदा त्यांच्या एका शब्दाने कोणी ना कोणी वाचलं असेल. त्याचा त्यांना थोडा अभिमानही वाटायला लागला होता.

त्या दिवशी सकाळी स्वच्छ ऊन होतं, रस्ता कोरडा होता. शहर संपून कारखाना लागायच्या आधी एक सरळ पट्टा होता, दोन्ही बाजूंना रोपांच्या नर्सऱ्या. तिथे रस्त्याला कड अशी नव्हतीच. डांबर संपलं की माती आणि मातीत ओळीने कुंड्या. मॅडमचा फोन वाजला. सासूला सांभाळणारी बाई होती.

"आजी पलंगावरून खाली आल्यात," ती म्हणाली. "मी पाणी तापवून आले तर जमिनीवर. उचलू का नको?"

"शुद्धीवर आहेत का?" मॅडमनी मान खाली घालून, दुसऱ्या कानावर हात ठेवून विचारलं. "बोलतायत का? हात हलवून बघा. नाही, ओढू नका, शेजारच्यांना बोलवा."

आवाज तसा मोठा झाला नाही. भरलेली टोपली खाली पडावी तसा झाला. गाडी थोडी उचलल्यासारखी झाली, पुढे गेली आणि थांबली.

"काय होतं?" कप्तानांनी विचारलं.

मॅडमनी वर बघितलं. कप्तान समोर बघत होते, सरळ, रिकाम्या रस्त्याकडे. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"सायकल," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही.

मागून काका म्हणाले, "आलं का?"

तो पन्नाशीचा माणूस होता, नर्सरीत काम करणारा. सायकलच्या मागे रोपांचा क्रेट बांधून निघाला होता. सायकल बाजूला पडली होती आणि तो गाडीच्या मागे, पाय विचित्र वळलेला, डोकं मातीत. रोपांच्या छोट्या काळ्या पिशव्या रस्त्यावर पसरल्या होत्या. रक्त फार दिसत नव्हतं, आणि त्यामुळे मुलीला वाटलं की तो उठेल. ती खाली वाकून "अहो, अहो" म्हणत राहिली. तिच्या एका डोळ्याला रेघ होती, एकाला नव्हती.

समोरच्या नर्सरीतून दोघं धावत आले. त्यांनी त्याला उचललं, मागच्या सीटवर आडवं केलं. स्टोअरवाले काका आत बसले आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी ते डोकं हॉस्पिटलपर्यंत सरळ धरून ठेवलं, हे मॅडमनी नंतर अनेकदा आठवून बघितलं. मुलगी सायकलीपाशी थांबली.

कप्तान स्टिअरिंगकडे निघाले.

"तुम्ही नका," मॅडम म्हणाल्या. "मी चालवते."

कप्तानांनी किल्ली दिली आणि गाडीला वळसा घालून, हाताने दार चाचपत, मॅडमच्या सीटवर बसले.

हॉस्पिटलच्या दाराशी मॅडमनी गाडी लावली तेव्हा स्ट्रेचर घेऊन आलेल्या दोघांनी त्यांना ड्रायव्हरच्या जागेवरून उतरताना पाहिलं. पोलिसांना कळवणाऱ्या नर्सनेही पाहिलं. फॉर्मवर 'आणणाऱ्याचं नाव' म्हणून मॅडमचंच नाव पडलं. माणसाला आत नेलं. डोक्याला मार आहे, शुद्ध नाही, एवढंच बाहेर कळलं.

बाहेरच्या गल्लीत एक लांब बाक होता. त्यावर कप्तान आणि मॅडम बसले, काका पाण्यासाठी गेले. मॅडमनी घरी फोन केला. सासूला शेजाऱ्यांनी उचलून पलंगावर ठेवलं होतं, खरचटण्यापलीकडे काही नव्हतं, आता पेज पीत होती.

"बरी आहे का सासू?" कप्तानांनी विचारलं.

"बरी आहे."

"बरं झालं." मग ते हळू आवाजात म्हणाले, "रोज बोलता तुम्ही. आज बोलला नाहीत."

त्यात राग नव्हता, दोषारोपही नव्हता. झालं ते सांगावं तसं सांगितलं.

"फोन आला होता," त्या म्हणाल्या.

"हो, ऐकलं मी." ते थोडे जवळ सरकले. "मॅडम, आता पोलीस येतील. एक सांगतो, नीट ऐका. सगळ्यांनी तुम्हालाच गाडीतून उतरताना पाहिलंय. तुमचे डोळे चांगले, लायसन्स चांगलं. तुमच्या हातून झालं तर तो अपघात. कोणाच्याही हातून होतो. माझे डोळे तपासले तर तो गुन्हा होईल. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं आहे, गाडी चालवू नये म्हणून."

पाण्याची बाटली घेऊन परत आलेले काका हे ऐकत उभे होते. मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं.

"मी झोपलो होतो," काका म्हणाले. "मला विचारू नका. मी तेच सांगणार." मग जरा खाली वाकून म्हणाले, "पण मॅडम, विचार करा. माणूस चार दिवसांत शुद्धीवर येईल, घरी जाईल. ह्यांचं मात्र सगळं जाईल. म्हातारपणात तुरुंगात टाकायचं का ह्यांना?"

आणि मॅडम तयार होत होत्या. हे त्यांनी पुढे कोणाला सांगितलं नाही, पण त्या तयार होत होत्या. आपण बोललो असतो तर माणूस वाचला असता, म्हणजे गाडी एका अर्थी आपणच चालवत होतो, मग तसं सांगण्यात खोटं ते काय, अशी वाट मनाने काढायला सुरुवात केली होती.

तेवढ्यात गल्लीतून एक बाई आली. चाळिशी उलटलेली, हात कोपरापर्यंत ओल्या मातीचे, ओढणी कमरेला खोचलेली. ती नर्सरीतूनच धावत आली होती. नर्सने आतल्या दाराकडे बोट दाखवलं, दार बंद होतं. ती परत फिरली आणि बाकापाशी, कप्तानांच्या खांद्याला लागून येऊन उभी राहिली. बसायला जागा होती तरी बसली नाही. मॅडमना कळलं ही कोण ते. काकांनाही कळलं, ते दोन पावलं मागे सरले.

कप्तानांना मात्र ती दिसली नाही. ती त्यांच्या बाजूला होती.

"असं सांगायचं," ते समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "की तो माणूस आपणहून मध्ये आला. सायकल डुगडुगत होती, तोल गेला त्याचा. क्रेट जास्त भरलेला होता. दोष त्याचाच आहे, असं दोघांनी एकसारखं सांगितलं की…"

"कप्तान," मॅडम म्हणाल्या.

"ऐका तर. अशी माणसं रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखी चालवतात, पोलिसांनाही माहीत असतं ते…"

"कप्तान, थांबा."

ती बाई आधी कप्तानांच्या चेहऱ्याकडे आणि मग मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. हातावरची माती वाळून तडकायला लागली होती. कप्तानांना शेवटी काहीतरी जाणवलं आणि त्यांनी अख्खी मान वळवली. ती इतक्या जवळ होती की ते दचकले.

पोलीस आला तो तरुण होता, सभ्य होता. त्याने मॅडमनाच विचारलं, "गाडी तुम्ही चालवत होतात ना?"

"इथपर्यंत मी आणली," मॅडम म्हणाल्या.

"आणि धडक बसली तेव्हा?"

"हे चालवत होते." कप्तानांकडे न बघता त्यांनी पुढचंही सांगून टाकलं, कारण थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही हे त्यांना कळत होतं. "ह्यांना बाजूचं दिसत नाही. काचबिंदू आहे. मला वर्षभर माहीत होतं. मी शेजारी बसून सांगायचे. आज मी फोनवर होते."

पोलिसाने लिहिता लिहिता मान वर केली. "सांगायचे म्हणजे?"

"म्हणजे सायकल आली, माणूस आला, असं."

त्याने ते कसं लिहावं याचा थोडा विचार केला. कप्तान उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम खरं सांगतायत."

नर्सरीवाला शुद्धीवर आला नाही. आठवड्याच्या आत गेला.

कारखान्यात बातमी पोचायला वेळ लागला नाही. दोन गट पडले असं म्हणायची सोय नव्हती, कारण मॅडमच्या गटात कोणी नव्हतं. 'रोज ह्याच्याच गाडीतून आली-गेली आणि पोलिसांसमोर ह्यालाच बुडवलं,' असं पॅकिंगमधली माणसं त्यांच्या देखत बोलत. कप्तानांना निलंबित केलं होतं. स्टोअरवाले काका दुसऱ्या एका गाडीत जायला लागले; तिथे खिडकीची जागा नव्हती आणि झोप लागत नव्हती म्हणे. मुलीला कोणाच्या तरी मोटरसायकलवर जागा मिळाली. चेहरा आता ती कारखान्यातल्या बायकांच्या बाथरूममध्ये करी. तिथे एकदा मॅडम भेटल्या तेव्हा आरशातूनच ती म्हणाली, "तुम्ही बरोबर केलंत, मॅडम. मी नसतं केलं." मग पेन्सिल डोळ्यापाशी नेली आणि बोलणं संपलं.

मॅडम बसने जाऊ लागल्या. सासूला नणंदेकडे पाठवावं लागलं. निघताना सासू मॅडमच्या हातावर हात ठेवून राहिली, आणि तो हात काढून घेणं मॅडमना जड गेलं.

एका रविवारी कप्तानांची बायको घरी आली. मॅडम त्यांना वहिनी म्हणत. बिल्डिंगच्या जिन्यात, बाजारात भेटल्या की चार शब्द होत, तेवढीच ओळख. मॅडमनी दार उघडलं आणि शिव्या खायची मनाची तयारी केली. वहिनी आत आल्या, खुर्चीवर नीट बसल्या. मॅडमनी चहा ठेवला, कारण काहीतरी करणं भाग होतं.

"मला एकच विचारायचंय," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला माहीत होतं ते त्यांनी स्वतः सांगितलं होतं का?"

"मी विचारलं, तेव्हा सांगितलं."

"कधी?"

"वर्ष होऊन गेलं."

वहिनींनी मान हलवली. "घरी थेंब घालायचे, तर मला म्हणायचे, डोळे कोरडे पडतात. धुळीने. मीच घालून द्यायचे थेंब." त्या चहाकडे बघत राहिल्या. "तुम्ही मला एक फोन करायला हवा होता."

"ते म्हणाले, वहिनींना सांगू नका."

"म्हणणारच ते." आवाज चढला नव्हता. "मी किल्ल्या लपवल्या असत्या. भांडणं झाली असती, महिनाभर अबोला धरला असता त्यांनी. गाडी कोणाला तरी देऊन टाकली असती मी. एवढंच झालं असतं, मॅडम. यापेक्षा जास्त काही झालं नसतं."

मॅडमकडे उत्तर होतं. गाडी बंद झाली असती तर मी काय केलं असतं, हे ते उत्तर. ते इतकं खरं होतं की तोंडातून निघेना.

वहिनींनी चहा पूर्ण प्यायला, कप उचलून मोरीत नेला, विसळून पालथा ठेवला. दाराशी म्हणाल्या, "ते तुमच्याबद्दल वाईट बोलत नाहीत. मी बोलते." आणि जिना उतरून गेल्या.

खटला उभा राहायला वर्ष लागलं. मॅडम साक्षीला गेल्या. कप्तानांच्या वकिलाने आधी फोनचं विचारलं. मॅडम हो म्हणाल्या. सासूचं विचारलं, तेही सांगितलं. मग तो म्हणाला, "एवढं तुम्हाला माहीत होतं, तर तुम्ही रोज त्या गाडीत का बसत होतात?"

मॅडमनी घरून बरंच काही ठरवून आणलं होतं. तिथे मात्र एवढंच तोंडी आलं: "वेळ वाचायचा."

न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. नर्सरीवाल्याची बायको पहिल्या रांगेत बसली होती. तोवर ती फक्त कप्तानांकडे बघत होती. आता तिने मॅडमकडे बघितलं, आणि साक्ष संपेपर्यंत तिची नजर हलली नाही.

कप्तानांना शिक्षा झाली. वय आणि डोळे बघून कमी झाली, पण झाली. ती भोगून ते घरी आले तोवर समोरचंही धूसर झालं होतं. मॅडमवर काही आलं नाही. शेजारी बसणाऱ्यासाठी कलम नाही, असं सरकारी वकिलांनी त्यांना समजावून सांगितलं. वकिलांना वाटलं की हे ऐकून मॅडमना हलकं वाटेल.

बस त्याच नर्सऱ्यांच्या रस्त्याने जाते. बरेच महिने मॅडम तो पट्टा आला की पर्समध्ये काहीतरी शोधत बसत. एका सकाळी त्या मध्येच उतरल्या. तिसऱ्या नर्सरीत ती बाई होती, नवऱ्याच्या जागी कामाला लागलेली. कुंड्यांना पाणी घालत होती.

"काय हवंय?" तिने वर न बघता विचारलं.

"मी त्या गाडीत होते," मॅडम म्हणाल्या.

बाईने पाण्याची नळी खाली ठेवली. "माहीत आहे. पुढे बसलेल्या."

"हो."

ती वाट बघत राहिली. मॅडम काय बोलणार आहेत ते तिला खरंच ऐकायचं होतं, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मॅडम उभ्या राहिल्या. माफी मागायला आलो, हे इथे येईपर्यंत स्पष्ट वाटत होतं. आता तो शब्द उच्चारला तर तो पुन्हा आपल्याच सोयीचा होईल, असं त्यांना वाटलं आणि जीभ हलेना.

"मग?" बाईने विचारलं.

मॅडमनी नकारार्थी मान हलवली. बाई आणखी थोडा वेळ थांबली. मग एक गिऱ्हाईक आलं, कुठलं रोप सावलीत जगेल ते विचारायला लागलं, आणि ती त्याच्याकडे वळली. मॅडम रस्त्याच्या कडेला मातीत पुढची बस येईपर्यंत उभ्या राहिल्या.